हवेचा हिशेब

२५ मे २०१७. निलंग्यात ऊन रणरणत होतं. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर गावातून उडालं, थोडं वर गेलं आणि चढायचं सोडून खाली येऊ लागलं. विजेच्या तारांत अडकून ते वस्तीला लागूनच कोसळलं. सुदैवाने आतले सगळे सुखरूप बाहेर आले. निलंग्यात तो दिवस अजून निघतो. आवाज कसा झाला, धूळ किती उडाली, कोण कुठून धावत आलं, सगळं सांगितलं जातं. एक प्रश्न मात्र त्या गप्पांत क्वचितच निघतो. एवढं बळकट यंत्र, पाती जोरात फिरतायत, मग ते चढता चढता खाली कसं येतं?

त्या अपघाताची रीतसर चौकशी झाली. त्याच्या कारणांचा निवाडा करणं हे या लेखाचं काम नाही. पण या एका प्रश्नाचा माग काढत गेलं, तर विमान उडतं कसं इथपासून लातूरला विमानसेवा टिकत का नाही इथपर्यंत पोचता येतं. वाटेत जागोजागी एकच गोष्ट भेटते, ती म्हणजे हिशेब. हवेचा, वजनाचा, उन्हाचा, अंतराचा आणि शेवटी पैशाचा.

खोलीभर हवा, तीस किलो

हवेला वजन असतं हे शाळेत शिकवतात, पण ते मनाला पटत नाही. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशी खोली घ्या. निलंग्यातल्या मे महिन्यातल्या दुपारी त्या रिकाम्या खोलीत तीसेक किलो हवा असते. आपल्या डोक्यावरच्या सगळ्या हवेचा थर मोजला, तर समुद्रकाठी जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दहा टन भार पडतो. तो चारी बाजूंनी सारखा असतो, म्हणून जाणवत नाही.

विमान याच भारातला थोडासा फरक वापरतं. इंडिगो आणि एअर इंडियाच्या ताफ्यात दिसणारं एअरबस ए-३२० पूर्ण भरलं की ७८ टनांच्या आसपास जातं. त्याच्या पंखांचं क्षेत्रफळ सुमारे १२२ चौरस मीटर. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरने साडेसहाशे किलोच्या घरात वजन पेलायचं. ऐकायला अवघड वाटतं. पण खालून दहा टनांचा दाब आहेच. वरचा दाब त्यापेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी झाला की काम भागतं. भरलेलं विमान हवेत राहतं ते एवढ्याशा फरकावर.

हा फरक तयार कसा होतो? एसटीच्या खिडकीतून आपण सगळ्यांनी लहानपणी हात बाहेर काढलाय आणि त्यासाठी बोलणीही खाल्लीत. तळवा आडवा धरला की हवा नुसती बोटांवरून निसटते. तळव्याची पुढची कड जराशी वर केली की हात आपोआप वर उचलला जातो. तळवा हवेला खाली ढकलतो आणि हवा तळव्याला वर ढकलते. पंख हेच काम फार सफाईने करतो. त्याचा घाट असा असतो की त्याच्यावरून जाणारी हवाही पंखाला चिकटून खालच्या दिशेने वळते. हवा खाली वळली की पंख वर उचलला जातो. वरच्या बाजूला दाब कमी आणि खाली जास्त, हे याच घटनेचं दुसरं वर्णन. न्यूटनच्या नियमाने सांगा किंवा बर्नुलीच्या, उत्तर तेच येतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो पिढ्यान्‌पिढ्या वर्गात शिकवला गेलाय. पंखाचा वरचा भाग फुगीर असतो, वरून जाणाऱ्या हवेला जास्त अंतर पडतं, खालच्या हवेबरोबर एकाच वेळी मागच्या कडेला पोचायचं म्हणून ती वेगाने धावते, असं ते स्पष्टीकरण आहे. वरची हवा वेगाने जाते हे खरं. पण दोन्ही हवांनी एकाच वेळी पोचावं असा निसर्गाचा कुठलाही नियम नाही. प्रत्यक्षात वरची हवा आधीच पुढे निघून गेलेली असते. विमानं उलटी होऊनही उडू शकतात. नुसत्या फुगीरपणावर सगळं अवलंबून असतं, तर ते जमलंच नसतं. निलंग्यापासून सरळ रेषेत ऐंशीएक किलोमीटरवर बीदरचा हवाईदलाचा तळ आहे. तिथलं ‘सूर्यकिरण’ पथक कसरतींत विमानं उलटी करून हे डोळ्यांदेखत दाखवतं.

मात्र तळवा फार उभा केला, तर हात वर जायचा थांबतो आणि सरळ मागे फेकला जातो. पंखाचंही तसंच. हवेशी असलेला त्याचा कोन साधारण पंधरा अंशांच्या पलीकडे गेला की हवा पंखाला चिकटून राहत नाही, फाटते, आणि उचल एकदम कमी होते. अशा वेळी वैमानिकाला नाक खाली करावं लागतं. जमीन जवळ येत असताना नाक खाली दाबणं हे मनाविरुद्धचं काम आहे. म्हणून त्याचा सराव पुन्हा पुन्हा करून घेतात.

ढकलणारी हवा

उचल मिळायला आधी वेग हवा आणि तो देतं इंजिन. जेट इंजिन पुढून हवा ओढतं, तिला दाबतं, त्यात इंधन जाळतं आणि तापलेली हवा मागे फेकतं. विमान या ज्वाळेच्या जोरावर पळतं असा आपला समज असतो. आजच्या प्रवासी विमानात तसं नसतं. पुढे जो मोठा पंखा दिसतो, तो जितकी हवा आतल्या भट्टीत पाठवतो, त्याच्या दहा-बारा पट हवा भट्टीच्या बाहेरून तशीच मागे ढकलतो. बहुतेक जोर या न जळलेल्या हवेचा असतो. थोडी हवा फार वेगाने फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा बेताच्या वेगाने फेकणं इंधनाला परवडतं आणि आवाजही कमी होतो.

छोट्या मार्गांवरच्या एटीआर-७२ सारख्या विमानाला बाहेर पाती दिसतात, म्हणून लोक त्याला जुनं समजतात. त्यातही जेटसारखंच टर्बाइन इंजिन आहे, फक्त त्याची ताकद पाती फिरवायला वापरलेली आहे. सत्तरएक प्रवासी घेऊन ते ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जातं. मोठ्या जेटपेक्षा ते हळू जातं, पण इंधन कमी खातं आणि त्याला आखूड धावपट्टी चालते. मराठवाड्यासारख्या भागाला परवडणारं विमान शोधायचं झालं, तर पहिलं नाव याचंच निघतं.

मे महिन्यातलं कळसूबाई

आता निलंग्याच्या त्या दुपारकडे परत येऊ. तापलेली हवा फुगते, म्हणजे तेवढ्याच जागेत ती कमी मावते. आपलं पठार समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच. त्यात पारा ४० अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की यंत्राच्या दृष्टीने आपण जणू १६०० मीटरच्या पुढे जाऊन उभे असतो. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर आहे. म्हणजे मे महिन्यात निलंग्याच्या मैदानातून उडणारं यंत्र हवेच्या हिशेबाने कळसूबाईच्या माथ्यावरून उडत असतं.

विरळ हवेचा फटका तिहेरी बसतो. पंखाला किंवा पात्याला ढकलायला हवा कमी मिळते, इंजिनाला जाळायला हवा कमी मिळते आणि पंख्याला मागे फेकायलाही हवा कमी मिळते. विमान असेल तर जास्त धावावं लागतं, त्यामुळे धावपट्टी लांब लागते. ती लांब नसेल, तर प्रवासी, सामान किंवा इंधन यांपैकी काहीतरी कमी करावं लागतं. हेलिकॉप्टरला धावायची सोय नसली तर सगळा भार सुरुवातीपासून पात्यांवरच असतो. म्हणून उड्डाणाआधी वैमानिक तापमान, उंची, वारा आणि वजन हे चार आकडे समोर ठेवून तक्ता पाहतो. हिवाळ्यातल्या सकाळी सहज उचलला जाणारा भार मे महिन्यातल्या दुपारी उचलला जाईलच असं नाही.

वाऱ्याचंही तसंच. खळ्यावर उफणणी करणारा माणूस वाऱ्याची दिशा पाहून उभा राहतो. विमान शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर उडतं आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरतं, कारण समोरून येणारा वारा पंखाला फुकटचा वेग देतो. म्हणून धावपट्टी बांधताना त्या भागात वारा वर्षभर कुठून वाहतो ते आधी बघतात. धावपट्टीवर रंगवलेला आकडा धावपट्टीचीच दिशा सांगतो. मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या एका टोकाला ०९ आणि दुसऱ्या टोकाला २७ आहे, म्हणजे होकायंत्राचे ९० आणि २७० अंश, पूर्व आणि पश्चिम.

त्या पांढऱ्या रेघेच्या आत

गच्चीवर झोपणाऱ्याला आपलं आकाश ठाऊक असतं. मुंबई-हैदराबाद आणि दिल्ली-बंगळूर या मोठ्या मार्गांची वाहतूक लातूर-बीदरच्या या पट्ट्यावरून जाते. रात्री लुकलुकणारे दिवे दिसतात आणि थंडीच्या दिवसांत पांढऱ्या रेघा. ती रेघ धुराची नसते. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते, बाहेरच्या थंडीत ती क्षणात गोठते आणि तिचे बर्फाचे कण रेघ होऊन दिसतात. अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असतं आणि हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या चौथ्या हिश्शाइतका उरतो. तिथे उघड्यावर माणसाची शुद्ध मिनिटभरातच हरपेल.

म्हणून विमानात हवा दाबून भरतात. पण समुद्रसपाटीइतकी भरत नाहीत, कारण मग विमानाचं कवच जाड आणि जड करावं लागेल. आतला दाब बहुधा २४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका ठेवलेला असतो, म्हणजे कळसूबाईच्या दीडपट उंचीवरचा. चढता-उतरताना कान बसतात ते यामुळे. आतली हवा कोरडीही फार असते, म्हणून ओठ सुकतात आणि घरी झणझणीत लागणारं जेवण तिथे सपक लागतं.

खिडकीजवळ जागा मिळाली, तर काचेच्या तळाशी असलेलं बारीक छिद्र नक्की बघा. खिडकीला एकामागे एक असे थर असतात. त्यातल्या मधल्या थराला ते छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं, त्यामुळे दाबाचा भार बाहेरच्या थरावर जातो, मधला राखीव राहतो आणि काचेवर दव धरत नाही. खिडकीचे कोपरे गोल असण्यामागे फार मोठी किंमत मोजलेली आहे. १९५४ साली ‘कॉमेट’ जातीची दोन प्रवासी विमानं हवेतच फुटून समुद्रात पडली. इंग्लंडमध्ये अभियंत्यांनी एका कॉमेटचं अख्खं धड पाण्याच्या टाकीत ठेवलं आणि त्यात दाब वाढवत-कमी करत राहिले. शेवटी कवच फाटलं ते चौकोनी छिद्राच्या कोपऱ्यापासून. ताण कोपऱ्यात साठत होता. गोल कडेला तो पसरतो.

छतातून लोंबणारे ऑक्सिजनचे मुखवटे साधारण बारा-पंधरा मिनिटंच चालतात, हे ऐकून भीती वाटते. पण तेवढ्यात विमान तीन हजार मीटरपर्यंत खाली आणता येतं आणि तिथे साध्या हवेत श्वास घेता येतो. रात्री उतरताना आतले दिवे मंद करतात ते डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी म्हणून. बाहेर पडायची वेळ आलीच, तर प्रवासी आंधळ्यासारखा चाचपडू नये. ज्याला आपण ‘ब्लॅक बॉक्स’ म्हणतो तो नारिंगी असतो, अवशेषांत चटकन सापडावा म्हणून. विमानातल्या अशा बहुतेक गोष्टींच्या मागे कुठल्या तरी अपघाताची नोंद असते.

किलो आणि पौंड

इंजिनं बंद पडली तर विमान दगडासारखं पडतं, हा आणखी एक समज. प्रवासी विमान एक किलोमीटर खाली येताना पंधराएक किलोमीटर पुढे तरंगत जातं. निलंग्यावर साडेदहा किलोमीटर उंचीवर असताना दोन्ही इंजिनं थांबली, तर ते दीडशे किलोमीटरपर्यंत जाऊ शकतं. तेवढ्या टप्प्यात बीदर, कलबुर्गी आणि नांदेड या तिन्ही धावपट्ट्या येतात.

असं खरोखर घडलंय. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ चं इंधन हवेतच संपलं. देश तेव्हा किलोकडे वळत होता. इंधन मोजताना गुणाकार पौंडांचा झाला आणि आकडा किलोचा समजला गेला. गरजेच्या निम्म्यापेक्षाही कमी इंधन घेऊन विमान उडालं. कॅप्टनला ग्लायडर चालवण्याचा अनुभव होता. त्याने ते गिमली नावाच्या गावातल्या जुन्या लष्करी धावपट्टीवर उतरवलं आणि एकही जीव गेला नाही. चूक एका गुणाकाराची होती आणि तारलं तेही उंची आणि अंतराच्या हिशेबानेच.

दर वेळी असं होत नाही. १२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान उडताच कोसळलं. आतल्या २४२ जणांपैकी एकच वाचला, जमिनीवरचेही अनेक गेले. अशा दिवसानंतर विमानात बसायला मन धजत नाही, हे स्वाभाविक आहे. तरीही प्रवासी विमान हे आजचं अत्यंत सुरक्षित वाहन आहे. प्रत्येक अपघाताची चौकशी होते, अहवाल खुला होतो आणि त्यातला धडा जगभरच्या वैमानिकांना शिकावा लागतो. आपल्या रस्त्यांवर रोज माणसं मरतात, पण त्या प्रत्येक मरणाची अशी चौकशी होत नाही. रस्त्यांनी विमानांकडून घ्यावा असा हा धडा आहे.

आपल्या मातीतली उड्डाणं

मराठी माणसाचं विमानाशी नातं म्हटलं की शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव निघतं. १८९५ साली त्यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, असं सांगितलं जातं. त्याला भक्कम समकालीन पुरावा नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचा दाखला या चर्चेत हटकून दिला जातो, त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली काढला. तळपद्यांच्या जिद्दीचा आदर करावा आणि पुराव्याचाही करावा.

पुरावा असलेल्या गोष्टी काही कमी नाहीत. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूच्या धावपट्टीवर उतरले. अहमदाबादेत त्यांच्या विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. १९४९ साली रात्रीची टपाल विमानं सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रास अशा चार दिशांनी निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला भेटत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि उजाडेपर्यंत आपापल्या गावी परतत. देशाच्या मध्यावर असण्याचा इतका सुंदर उपयोग क्वचितच कुणी केला असेल. आणि आपल्याच काळात कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या घराच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. २०१६ साली ते ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडलं गेलं आणि नोंदणीसाठी वर्षानुवर्षं खेटे घालून अखेर ते उडालंही.

धावपट्टी आहे, मग अडतं कुठे?

लातूरला विमानतळ आहे. किंगफिशरची विमानं काही काळ तिथे उतरली, मग थांबली. २००९ साली राज्याने लातूर, नांदेड, उस्मानाबाद, यवतमाळ आणि बारामती हे पाच विमानतळ एका खासगी कंपनीला दीर्घ भाडेपट्ट्याने दिले. नांदेडचा विमानतळ २००८ च्या गुरू-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने मोठा झाला. २७ एप्रिल २०१७ ला ‘उडान’ योजनेची पहिली विमानं निघाली, त्यात नांदेड-हैदराबाद हा मार्ग होता. ती सेवा पुढे बंद पडली. २०२४ च्या मार्चअखेर स्टार एअरने ७६ आसनांच्या जेटने नांदेडला बंगळूर आणि दिल्लीजवळच्या हिंडनशी जोडलं. मधल्या काळात कलबुर्गीला २०१९ मध्ये आणि बीदरला २०२० मध्ये नागरी सेवा सुरू झाली.

या चालू-बंदचा दोष कुणा एकावर टाकून प्रश्न सुटत नाही. सत्तर आसनांच्या विमानात तीसच माणसं बसली, तरी इंधन जवळजवळ तितकंच जळतं आणि आपल्याकडे विमान कंपनीच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा इंधनाचाच असतो. ‘उडान’मध्ये तोटा भरून देण्याची मदत तीन वर्षांपुरती असते. तेवढ्यात गर्दी जमली नाही की मार्ग बंद होतो. त्यातच लातूरकराला मुंबईला जायला रात्रीची रेल्वे आहे, रात्रीच्या गाड्या आहेत. झोपेत प्रवास होतो, दिवस वाया जात नाही. दुपारी सुटणारं विमान त्याला काय कामाचं? पहाटे निघून रात्री परत आणणारं विमान त्याला हवं. त्यासाठी धावपट्टीवर दिवे, रात्री उतरण्याची सोय आणि धुक्यात-पावसात वाट दाखवणारी उपकरणं लागतात. नुसत्या डांबराने विमान येत नाही.

म्हणून मागणी करताना आपणही हिशेब मांडावा. लातूर, उदगीर, निलंगा, औसा इथून महिन्याला किती व्यापारी, किती रुग्ण, किती विद्यार्थी आणि परगावी नोकरी करणारी किती मुलं पुण्या-मुंबईला जातात, त्यांतले किती जण कुठल्या वेळेच्या विमानाला पैसे मोजतील, हे आकडे व्यापारी संघटना आणि महाविद्यालयांनी गोळा करावेत. निवेदनापेक्षा असा तक्ता विमान कंपनीला जास्त कळतो.

दुसरी विनंती शाळांतल्या विज्ञानाच्या शिक्षकांना. निलंग्याची उंची, मे महिन्यातलं तापमान आणि दहा फुटांची एक खोली, एवढ्या तीन आकड्यांवर उड्डाणाचा अख्खा तास घेता येतो. धड्याला गावातलंच उदाहरण आहे आणि ते बघितलेली माणसं अजून गावात आहेत. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात हा तास घ्यावा.